शेपटीची पाटी

निशि-कासाई, तोक्यो
जून

चि. मनू,


ऑगस्टातल्या कॉमिकेतसाठी केलेली तुझी यादी मिळाली. ११४ टेबलं, चार रंगांच्या पेनांनी केलेली गटवारी, आणि कुठल्या दालनातून कुठल्या दालनात किती मिनिटांत पोचायचं याचा हिशेब. दादा फोनवर म्हणाला, बारावीला हिनं एवढं केलं असतं तर... पुढचं मी ऐकलं नाही. पण यादी पाहून तुला एक सांगावंसं वाटलं. फोनवर सांगितलं असतं तर "हो गं आत्या" म्हणून तू पुढचा विषय काढला असतास, म्हणून हे पत्र.

त्या ११४ मधली १०० खोडून टाक.

कॉमिकेत, म्हणजे लोकांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांचा हा मेळा, मोठा बाजार आहे असं धरून तू चालली आहेस. दिसायला तो तसाच दिसतो. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाख माणसं आली होती. हल्ली दोनच दिवस असतो आणि आत जायला तिकिटाचा मनगटी पट्टा लागतो, तरी तोक्यो बिग साइटच्या त्या उलट्या पिरॅमिडांखाली उभं राहिलं की आपण आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आलोय असं वाटतं. पण इथे विकणारा आणि घेणारा असा भेद मानतच नाहीत. टेबलामागे बसलेला, टेबलापुढे उभा असलेला, उन्हात "पळू नका" म्हणून ओरडणारा स्वयंसेवक, सगळ्यांना एकच शब्द आहे: सांकाश्या, म्हणजे भाग घेणारा. 'गिऱ्हाईक' नावाचा कुणी इथे येतच नाही, असं आयोजक ठणकावून सांगतात. वारीत सगळेच माउली, तसं काहीसं.

हे उगाच आलेलं नाही. १९७५ साली मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, एका मोठ्या संमेलनावर टीका केली म्हणून एका चाहत्याला तिथे प्रवेश नाकारला गेला. त्यावरून बिनसलेल्या मंडळींनी त्याच वर्षी डिसेंबरात आपला वेगळा मेळा भरवला, तोरानोमोनच्या अग्निशमन भवनातल्या सभागृहात. ३२ गट, सातशेच्या आसपास माणसं, त्यांत बहुतेक शाळकरी मुली. त्या मंडळींतले योनेझावा योशिहिरो पुढे २००६ साली जाईपर्यंत हा गाडा ओढत राहिले. तेव्हा कुणाला बाहेर ठेवायचं नाही हा मूळचाच हट्ट आहे, आणि तो पाळायचा तर आत येणाऱ्यानंही थोडं काम अंगावर घ्यावं लागतं.

ते काम कसलं, हे मला पहिल्याच वेळी कळलं, आणि कळताना मान खाली गेली. मी आपली ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गंमत बघायला गेले होते. भलत्याच दालनात शिरले. तिथे चित्रकथा नव्हत्याच. आगगाड्यांची वेळापत्रकं, जुने पूल, डबाबंद मासे अशा विषयांवर लोकांनी स्वतः लिहून छापलेली पुस्तकं होती. प्रत्येक गटाला अर्धं टेबल मिळतं, तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद, मागे दोन घडीच्या खुर्च्या. अशा एका अर्ध्या टेबलामागे पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता. समोर एकच पुस्तक, अठ्ठावीस पानांचं: तोक्योत खाल्लेली भारतीय ताटं. सगळी पेन्सिलीनं काढलेली, बाण मारून नावं लिहिलेली. एका पानावर पिठलं होतं, कांदा होता, ठेचा होता, आणि भाकरीच्या बाणापाशी लिहिलं होतं, "जाड चपाती, गव्हाची". कुणा मराठी मित्राच्या घरी जेवला होता म्हणे.

मी पुस्तक घेतलं. पाचशे येन. पाकिटातून काढून दिली दहा हजारांची नोट. तो बिचारा उठला, नाण्यांच्या डब्यात बघितलं, शेजारच्या टेबलावर गेला, त्याच्या शेजारच्याकडे गेला. माझ्यामागे दोन माणसं थांबलेली. कुणी हूं की चूं केलं नाही, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या ओट्यावर एक डबा आहे. वर्षभर पाचशेची नाणी त्यात पडतात. तुझ्यासाठीही साठवतेय. हजाराच्या नोटा मात्र तू इथे आल्यावर बँकेतून काढू.

सुटे मोजून होईस्तोवर मी त्याला म्हटलं, ही चपाती नाही, भाकरी आहे, आणि ज्वारीची आहे. तो एकदम सरळ बसला. टेबलावरच्या नमुन्याच्या प्रतीत मला तीनदा विचारून त्यानं समासात नोंद केली. पाणी गरम घालायचं की गार, हेसुद्धा लिहून घेतलं. डिसेंबरच्या कॉमिकेतला मी मुद्दाम त्याच्याकडे गेले तर नवी आवृत्ती तयार होती. शेवटच्या पानावर "निशि-कासाईच्या एका बाईंनी सांगितल्यावरून" अशी दुरुस्ती होती. फक्त जपानीत 'बाकुरि' लिहिताना 'बा'वरच्या दोन बारक्या रेघांच्या जागी छोटं वर्तुळ पडलं होतं, आणि झालं होतं 'पाकुरि'. तू शिकली असशील, नसशील तर सांगते: पाकुरि म्हणजे दुसऱ्याची उचललेली वस्तू. ज्वारीची उचलेगिरी! जिथे निम्म्याहून जास्त टेबलांवर दुसऱ्याच्याच पात्रांची चित्रं असतात तिथे असं छापून यावं, याला काय म्हणायचं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

आता तुझ्या यादीकडे येते. त्यातली बहुतेक नावं 'काबे', म्हणजे भिंतीला लागून बसणारी. ज्यांच्यापुढे लांब रांग लागणार त्यांना आयोजक भिंतीशी बसवतात, म्हणजे रांग दारातून बाहेर वळवता येते. तिथे तुला दोन तास उभं राहून दहा सेकंद मिळतील. 'शिंकान इचिबु कुदासाइ' (नव्या पुस्तकाची एक प्रत द्या), पैसे, पुस्तक, पुढचा. त्यातली चार ठेव, हौस आहे तर. उरलेला वेळ मधल्या 'बेटां'त, म्हणजे दालनाच्या मध्ये जोडून मांडलेल्या टेबलांत फीर. बेटाच्या टोकाच्या टेबलाला 'वाढदिवसाची जागा' म्हणतात, मेजाच्या टोकाला सत्कारमूर्ती बसवतात तशी. तिथेही बऱ्यापैकी गर्दी असते. पण त्या दोन टोकांच्या मध्ये जे बसलेले असतात ना, त्यांच्यापुढे थांब. पुष्कळांचा छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही. 'मिते मो ई देस का', बघितलं तर चालेल का, असं विचार, दोन्ही हातांनी पुस्तक उचल, पानं उलट. समोरचा माणूस दुसरीकडे बघत असल्याचं नाटक करेल आणि त्याचं सगळं लक्ष तुझ्या बोटांकडे असेल. नाही आवडलं तर मान लववून परत ठेव, त्यात अपमान नाही. आवडलं तर काय आवडलं ते सांग. तुझं जपानी तेवढ्याला पुरेल, लाजू नकोस. तुझी चित्रवही आण; कुणी मोकळा दिसला तर त्यात एक चित्र काढून द्याल का असं विचारायची इथे पद्धत आहे. एकदाच विचारायचं मात्र.

रांगेबद्दल. लांब रांगेच्या शेवटच्या माणसाच्या हातात एक पाटी असते, 'साइकोबी', म्हणजे शेपूट. तू जाऊन उभी राहिलीस की ती तुझ्या हातात येते, तुझ्यामागे कुणी आलं की त्याच्या हातात द्यायची. रांग मध्ये तुटलेली असेल तर तिथल्या माणसाच्या हातात दुसरी पाटी असते, "ही शेपूट नव्हे". ती वाचल्याशिवाय घुसू नकोस. पाटी धरताना दोन्ही हात वर कर, कंटाळून खांद्यावर टाकू नकोस. लांबून येणाऱ्याला दिसली पाहिजे. मला तर पुस्तकांपेक्षा ती पाटी धरायला आवडते, पण ते माझं वेड.

रात्रीच जाऊन बसायचा तुझा बेत रद्द. रात्रभर थांबायला सक्त मनाई आहे. आपण सकाळी शिन-किबाला रिंकाई लाइन पकडू, दुसरं स्टेशन. तुझा तो पात्राचा पोशाख पिशवीतून न्यायचा. घरून घालून निघता येत नाही, बदलायला आत खोल्या आहेत. शिंगं लावून गाडीत बसायचं नाही. दुसऱ्याचा फोटो विचारून काढायचा, तुझाही विचारूनच काढू द्यायचा, आणि नको असेल तर नको म्हणायचं. पाणी, मीठ घातलेल्या गोळ्या, पंचा. ऑगस्टची चेष्टा नाही: २०१३ साली आतल्या गर्दीच्या घामानं छताखाली ढग धरला होता. चक्कर आल्यासारखं वाटलं तर यादी गेली खड्ड्यात, जवळच्या स्वयंसेवकाला सांग. बरीच पुस्तकं प्रौढांसाठीची असतात. तू वीस वर्षांची आहेस, मी काही बोलणार नाही. परतल्यावर बॅग दादासमोर उघडू नकोस, एवढंच.

चार वाजता संपल्याची घोषणा होते आणि सगळं दालन टाळ्या वाजवतं. तेव्हा स्टेशनकडे धावायचं नाही. खुर्च्या उचलू लागायचं.

आणि हो, ओळखीच्या टेबलावर जाताना काही खाऊ न्यायची रीत आहे. घरी केलेला चालत नाही, अनोळखी माणूस तो खायला कचरतो. येताना बाकरवडीची चार-पाच सीलबंद पाकिटं आण. एक त्या ज्वारीवाल्यासाठी. पाकिटावर नाव जपानीत मी लिहीन, रेघा मोजून. 'बाका' म्हणजे मूर्ख, ते तुला ठाऊक आहेच. त्यानं ते पुस्तकात कसं छापलं ते डिसेंबरात कळवते.

तुझी,
आत्या