प्लॅन बदलण्याआधी राउटरची जागा बदला

प्रश्न : हॉलमध्ये वाय-फाय उत्तम चालते, पण आतल्या बेडरूममध्ये रेंजच मिळत नाही. जास्त वेगाचा प्लॅन घ्यावा का?

उत्तर : नको. राउटरजवळ पुरेसा वेग मिळतो, म्हणजे घरापर्यंत येणारे इंटरनेट ठीक आहे. अडचण राउटर आणि बेडरूम यांच्या मधे आहे. महागड्या प्लॅनने भिंत पातळ होत नाही. आरसीसीतल्या सळ्या, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक हे सारे लहरी अडवतात किंवा शोषून घेतात. म्हणून टीव्हीमागे दडलेला राउटर शक्यतो घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी आणा. लांबच्या खोलीत ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्‌झचा बँड निवडा. त्याचा वेग कमी असतो, पण भिंतीपलीकडे तो अधिक टिकतो.

फायबरची वायर दारापाशीच येते, मग राउटर हलवायचा कसा, हा आक्षेप रास्त आहे. तिथून १०० मीटरपर्यंत इथरनेट केबल ओढता येते; तिच्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडा. एक्स्टेंडर सोपा खरा, पण एकाच बँडवर सिग्नल घेऊन पुढे देणाऱ्या एक्स्टेंडरमुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय रेंज नसलेल्या खोलीत तो लावून उपयोग नाही. जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागीच तो लावावा लागतो. केबल ओढणे शक्यच नसेल, तेव्हा त्याचा विचार करा.