पहिल्यांदाच घोड्यावर, तेही अटलांटिकच्या काठी

प्रश्न : मुलगी पुण्यात काही वर्षं घोडेस्वारी शिकते आहे. माझी मजल माथेरानच्या घोड्यापुरतीच. आयर्लंडच्या किनाऱ्यावर आम्हा दोघींना रपेट जमेल का?

उत्तर : जरूर जमेल, फक्त रोज एकाच तुकडीत नाही. पश्चिमेकडचा कॉनेमारा निवडा. इथले कॉनेमारा पोनी साधारण १२८ ते १४८ सेंटिमीटर उंचीचे, स्वभावाने शांत, खडकाळ जमिनीवर जपून पाय टाकणारे. नवख्या माणसाला त्यांच्यावर धीर येतो. क्लिफडेनजवळच्या ओमी बेटावर ओहोटीला वाळूवरून जाता येतं. भरती आली की वाट पाण्याखाली. त्यामुळे रपेटीची वेळ समुद्रच ठरवतो, सकाळी दहाचाच हट्ट धरू नका.

नोंदणी करताना मुलीची तयारी नेमकी कळवा : दुडकीत तोल राहतो का, मोकळ्यावर घोडा आवरतो का. रिंगणात शिकलेल्यांची खरी परीक्षा किनाऱ्यावर होते. पुढे कुंपण नसतं, एक घोडा उधळला की बाकीचे त्याच्या नादाने वेग घेतात. तुम्ही बिनदिक्कत संथ चालीची तुकडी घ्या. समुद्र तिथूनच निवांत बघता येतो. वजन खरं सांगा, प्रश्न घोड्याच्या पाठीचा आहे. बूट थोड्या टाचेचे हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. प्रवास विम्यात घोडेस्वारी धरली आहे का ते पाहा. आणि शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढा.