मुखाची स्वच्छता

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बोलू लागलात की समोरचा मित्र मागे सरकतो का? असे घडत असेल, तर तोंडाला येणारा वास हे त्याचे कारण असू शकते. आपल्या तोंडाचा वास आपल्याला सहसा कळत नाही, कारण आपले नाक त्याला सरावलेले असते.

हा वास पोटातून येतो, असे पुष्कळांना वाटते. पण बहुतेक वेळा त्याचे मूळ तोंडातच असते. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जिवाणू राहतात. दातांच्या फटींत अडकलेले अन्नाचे कण आणि जिभेवर साचलेला थर हे त्यांचे खाद्य होय. हे कण कुजवताना ते गंधकयुक्त वायू तयार करतात. सडक्या अंड्याचा वास अशाच एका वायूमुळे येतो. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या यांमुळेही दुर्गंधी वाढते.

लाळ आपले तोंड सतत धुऊन काढते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी तोंडाला वास येतो. रोजाच्या दिवशी तोंड कोरडे पडते, तेव्हाही असेच होते. म्हणून सेहरीनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी दात नीट घासावेत.

आपला नाशिक जिल्हा कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. लासलगावची कांद्याची बाजारपेठ सर्वांना ठाऊक आहे. कांदा व लसूण यांतील वास देणारी द्रव्ये पचनानंतर रक्तात मिसळतात. रक्तातून ती फुप्फुसांत जातात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतात. त्यामुळे दात घासूनही हा वास पूर्णपणे जात नाही. काही तासांनी तो आपोआप कमी होतो. हा काही आजार नव्हे.

तंबाखूची गोष्ट मात्र वेगळी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरीही तंबाखू आणि मशेरी यांची सवय अनेक घरांत आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होतात, हा गैरसमज आहे. तंबाखूमुळे दुर्गंधी तर येतेच, शिवाय हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. घरात दादी किंवा नानी मशेरी लावत असतील, तर त्यांना प्रेमाने समजावून सांगा.

आता उपाय पाहू. सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटे दात घासा. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदला. जीभ हलक्या हाताने स्वच्छ करा. काही खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा. भरपूर पाणी प्या. वजूच्या वेळी मिस्वाक करण्याची चांगली चाल आपल्याकडे आहे. मिस्वाकचे टोक चावून मऊ करा आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नका.

इतके करूनही वास जात नसेल, तर दंतवैद्यांना दाखवा. टॉन्सिल, नाक किंवा मधुमेहाच्या विकारामुळेही वास येऊ शकतो. बडीशेप किंवा वेलदोडा खाऊन वास झाकला जातो, पण कारण तसेच राहते.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्गात एखाद्याच्या तोंडाला वास येत असेल, तर त्याला चिडवू नका. चिडवल्याने तो बोलणेच सोडून देईल. त्याला एकांतात, हळू आवाजात सांगा. जो असे सांगतो, तोच खरा मित्र.

शब्दार्थ
दुर्गंधी – बदबू
जिवाणू – जरासीम
लाळ – लुआब
हिरडी – मसूडा
गैरसमज – गलतफहमी
एकांतात – तनहाई में

स्वाध्याय
१. सकाळी तोंडाला वास का येतो?
२. कांदा खाल्ल्यावर दात घासूनही वास का राहतो?
३. मशेरीचे दुष्परिणाम लिहा.
४. 'चूळ भरणे' आणि 'समजावून सांगणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.