दलाली, जाहिरात आणि तुटपुंजे भांडवल : वरूडच्या तरुणांसाठी एक हिशेब

आंबिया बहाराची फळे झाडावर आकार धरू लागली की वरूड तालुक्यात बाहेरगावचे व्यापारी फिरू लागतात. त्यांना बागा दाखविणारा गावचा माहितगार दलाल बरोबर असतो. बाग पसंत पडून इसार दिला गेला तर त्याला दलाली मिळते. सौदा फिसकटला तर दिवसभराची पायपीट वाया जाते. व्यापाऱ्याला मात्र त्यात काही तोशीस पडत नाही.

इंटरनेटवरील संलग्न विक्री म्हणजे हीच दलाली होय. अॅमेझॉन कंपनीने ही योजना अमेरिकेत १९९६ साली सुरू केली. एखादा तरुण आपल्या संकेतस्थळावर फवारणी पंपाविषयी माहिती लिहितो आणि खाली दुकानाचा दुवा देतो. त्या दुव्यात त्याची खूण असते. वाचकाने त्या वाटेने जाऊन ठराविक मुदतीत खरेदी केली, तर विक्रीचा काही हिस्सा त्याला मिळतो. अॅमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारणतः २४ तासांची असते. म्हणजे वाचकाने घरी विचारून चार दिवसांनी पंप घेतला, तर बहुधा दलाली बुडाली.

लिहून झाले, पण वाचकच येत नाहीत, ही पुढची अडचण. मग घरातून दोन-तीन हजार रुपये घेऊन जाहिरात देण्याचा विचार होतो. ते पैसे पुष्कळदा संत्र्याच्या इसारातले असतात, म्हणून येथे थांबून आकडेमोड करणे अगत्याचे आहे. केवळ उदाहरणादाखल असे धरू की, जाहिरातीवरून येणाऱ्या प्रत्येक वाचकामागे ६ रुपये द्यावे लागतात. ३,००० रुपयांत ५०० वाचक आले. शंभरातील दोघांनी, म्हणजे एकूण १० जणांनी, सरासरी १,००० रुपयांची खरेदी केली. दलाली शेकडा ५. हाती आले ५०० रुपये. २,५०० रुपये गेले. एका वाचकापासून १ रुपया मिळतो आणि त्याला आणण्यास ६ रुपये पडतात, एवढाच याचा अर्थ. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. शेकडेवारीचे याहून उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

मग थोड्या पैशाची जाहिरात देऊच नये काय? तसे नव्हे. ‘बॅटरीवरील फवारणी पंपाची किंमत’ असे शोधणारा मनुष्य खरेदीच्या उंबरठ्यावर असतो. सहज चित्रे पाहत बसलेला मनुष्य तसा नसतो. म्हणून शब्द नेमके, क्षेत्र मर्यादित आणि रोजच्या खर्चाला कमाल मर्यादा, एवढे पथ्य पाळावे. मात्र ऐंशी-नव्वद वाचकांवरून निष्कर्ष काढू नये. इतक्या थोड्यांत एकही खरेदी न होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. शंभर रुपयांत हजार वाचक देऊ म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. ती गर्दी बहुधा यंत्रांची असते आणि यंत्र पंप विकत घेत नाही. शिवाय दुकानाचे नाव वापरून किंवा थेट दुकानाच्या दुव्यावर जाहिरात देण्यास अनेक योजनांत मनाई असते. करार न वाचल्यास मिळालेली दलालीही रोखली जाते.

आता हाच खर्च स्वतःच्या संत्र्यासाठी केला तर काय होते ते पाहू. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्यास मोकळीक झाली. फळ, खोके व वाहतूक वजा जाता एका पेटीमागे १५० रुपये उरतात असे समजू. शंभरात दोन गिऱ्हाइके हे प्रमाण कायम धरल्यास एका वाचकामागे ३ रुपये येतात. म्हणजे पहिल्या विक्रीत येथेही तोटाच! पण या गिऱ्हाइकाचा पत्ता आपल्यापाशी राहतो. त्याने मृग बहारात आणि पुढल्या आंबियात पुन्हा पेटी मागविली, तर तेच ३ रुपये ९ होतात आणि खर्च भरून निघतो. संलग्न विक्रीत गिऱ्हाईक दुकानाचे होते, आपले नाही; मला दोन्हींतला खरा भेद हाच वाटतो. अर्थात पेटी पिचलेल्या फळांसह पोहोचली, तर दुसरी मागणी येणार नाही.

दलाली घेऊन शिफारस करणाऱ्याने तसे वाचकास स्पष्ट सांगावे, असा दंडक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. गावातील तरुणांना हे बहुधा कोणी सांगत नाही. घरबसल्या कमाईचे वर्ग चालविणारे तर नाहीच. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी अशा वर्गचालकांना एकच प्रश्न विचारावा : तुमची मिळकत दलालीची, की शिकवणीच्या फीची?

मृग बहाराची तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. पेट्यांचा प्रयोग करावयाचा असल्यास जाहिरात जानेवारीअखेर, फळ झाडावर असतानाच द्यावी. आणि साध्या वहीत तारीख, खर्च, आलेले वाचक, गेलेल्या पेट्या व दुसऱ्यांदा मागणी करणारे असे पाच रकाने आखून ठेवावेत.