तक्ता वाचावा कसा?

पदवीनंतर व्यवस्थापनशास्त्राकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची प्रवेश-परीक्षेपासून सुटका नाही. आपल्याकडील ‘कॅट’ असो, की परदेशी विद्यापीठे आणि हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस यांसारख्या संस्था मान्य करतात ती ‘जीमॅट’ असो, दोहोंतही आकड्यांच्या तक्त्यांवर प्रश्न येतात. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलांचे येथे दोन समज असतात. एक, इंग्रजीमुळे आपण मागे पडणार. दुसरा, भराभर गुणाकार-भागाकार येणाराच येथे टिकणार. वर्षभराच्या सरावानंतर दोन्ही समज मला अपुरे वाटू लागले आहेत. बहुतेकांचा वेळ जातो तो न लागणारे आकडे वाचण्यात व न लागणारी गणिते करण्यात.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. ‘जीमॅट’मधील ‘डेटा इनसाइट्स’ या विभागात ४५ मिनिटांत २० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी सव्वादोन मिनिटे. त्यांतील ‘टेबल अॅनालिसिस’ या प्रकारात पडद्यावर तक्ता येतो, आणि आपण निवडू त्या स्तंभाच्या क्रमाने त्याच्या ओळी लावून घेता येतात. सोबत तीन विधाने असतात व प्रत्येकासमोर दोहोंपैकी एक पर्याय निवडायचा असतो. तिन्ही उत्तरे बरोबर आली तरच गुण. दोन बरोबर आली म्हणून काहीच मिळत नाही. यास्तव येथे घाईपेक्षा शिस्त कामी येते.

सुभाष रोडवरील आमच्या दुकानात वर्षअखेरीस शिल्लक मालाची नोंदवही तपासावी लागते. आवक, जावक, शिल्लक हे रकाने आणि नग की डझन, हे पाहिल्याखेरीज वडील एकाही आकड्याकडे बघत नाहीत. परीक्षेतील तक्त्यालाही हाच नियम लावावा. उदाहरणादाखल २०११ च्या जनगणनेतील आपल्या भागाचे सात जिल्हे घेऊ. आकडे पूर्णांकात किंवा एका दशांश स्थळापर्यंत घेतले आहेत.

| जिल्हा | लोकसंख्या (लाख) | दर हजार पुरुषांमागे स्त्रिया | साक्षरता (टक्के) |
|---|---|---|---|
| धारवाड | १८.५ | ९७१ | ८० |
| गदग | १०.६ | ९८२ | ७५ |
| हावेरी | १६.० | ९५० | ७७ |
| बेळगाव | ४७.८ | ९७३ | ७३ |
| उत्तर कन्नड | १४.४ | ९७९ | ८४ |
| बागलकोट | १८.९ | ९८९ | ६९ |
| विजापूर | २१.८ | ९६० | ६७ |

टीप : साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढले आहे.

आता तीन विधाने घेऊ. तक्त्यावरून विधान सिद्ध होते की नाही, एवढेच सांगायचे आहे.

पहिले विधान : ‘ज्या जिल्ह्यात साक्षरता सर्वाधिक, तेथेच स्त्रियांचे प्रमाणही सर्वाधिक आहे.’ साक्षरतेचा स्तंभ क्रमाने लावला की उत्तर कन्नड हाती येतो. तेथील स्त्रियांचे प्रमाण ९७९. आता सर्वाधिक प्रमाण कोठे आहे हे शोधत बसण्याचे कारण नाही. ९७९ हून मोठा एक आकडा दिसला की काम संपले. गदगचा ९८२ दिसतो, विधान खोटे. एक विरुद्ध उदाहरण मिळाले की थांबावे.

दुसरे विधान : ‘लोकसंख्येने सर्वांत मोठ्या जिल्ह्यातील स्त्रियांचे प्रमाण हेच सातही जिल्ह्यांचे मध्यक आहे.’ ‘मध्यक’ शब्द दिसताच पुष्कळजण बेरीज करू लागतात. पण बेरीज लागते ती सरासरीला. मध्यकासाठी स्तंभ क्रमाने लावावा आणि सातांपैकी चौथी ओळ पाहावी : ९५०, ९६०, ९७१, ९७३. चौथी ओळ बेळगावची, आणि सर्वांत मोठा जिल्हाही तोच. विधान खरे. येथे एकही आकडेमोड करावी लागली नाही.

तिसरे विधान : ‘धारवाड जिल्ह्यात १४.८ लाख लोक साक्षर आहेत.’ १८.५ चे ८० टक्के १४.८ होतात, हिशेब चोख आहे. तरीही विधान सिद्ध होत नाही. १८.५ लाखांत सात वर्षांखालील मुलेही आहेत, आणि ८० टक्के हे प्रमाण त्यांना वगळून काढले आहे. साक्षरांची खरी संख्या १४.८ लाखांहून कमीच असणार. गणित उत्तम येणारा विद्यार्थी नेमका येथे फसतो, कारण त्याचा हात टिपेआधी गुणाकाराकडे जातो.

आता भाषेविषयी. तक्त्यातील आकड्यांना माध्यम नसते, विधानाला असते. ‘अॅट लीस्ट’ म्हणजे तेवढे किंवा अधिक. ‘मोअर दॅन’मध्ये तो आकडा स्वतः येत नाही. असे दहा-पंधरा शब्दप्रयोग वहीत लिहून पक्के करावेत. आपल्या बोलण्यातली एक सवय तर विशेष सांभाळावी लागते. धारवाडची साक्षरता ८० आणि विजापूरची ६७, म्हणून आपण ‘तेरा टक्क्यांनी अधिक’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत हा फरक तेरा ‘परसेंटेज पॉइंट’चा झाला. ‘परसेंट’ विचारले असेल तर १३ ला ६७ ने भागावे लागते, व उत्तर सुमारे १९ येते. आपण दोन्हीकडे ‘टक्के’च म्हणतो, परीक्षक तसे म्हणत नाही.

तात्पर्य, क्रम असा ठेवावा : आधी शीर्षके, एकके व टीप, मग विधान, मग त्यास लागतील तेवढेच स्तंभ, आणि निर्णय झाला की पुढे. विभागाच्या शेवटी वेळ उरल्यास तीनच उत्तरे बदलता येतात, तेव्हा एका तक्त्यापाशी अडून बसू नये. ‘कॅट’मध्ये ओळी आपोआप क्रमाने लागत नाहीत, तो क्रम डोळ्यांनीच लावावा लागतो, म्हणून तेथे विधान आधी समजून घेणे अधिकच गरजेचे.

सरावासाठी महागडे वर्गच हवेत असे नाही. वर्तमानपत्रातील बाजारभाव, बँकेच्या व्याजदरांचा फलक, रेल्वेचे वेळापत्रक, कंपन्यांचे ताळेबंद हे सारे तक्तेच आहेत. रोज एक घ्यावा, त्यावर तीन विधाने स्वतः रचावीत, आणि त्यांतले एक तरी असे असावे की ज्याचे उत्तर ‘यावरून सांगता येत नाही’ असे येईल. ‘कोष्टक’ हा शब्द मराठीत व कन्नडमध्ये एकच आहे. तेव्हा शेजारच्या विभागातील मित्रांनीही हा सराव आमच्याबरोबर करावा. एकाने विधान रचावे, दुसऱ्याने घड्याळ लावून सोडवावे. विधान रचू लागलो की परीक्षक आपल्याला कोठे अडकवतो, हे चांगले ध्यानात येते.