पिकअपचा फीड पंप : बदलण्याआधी आणि बदलताना



उसात आंतरपीक म्हणून घेतलेला कोबी, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर घेऊन आपल्यापैकी बरेचजण पहाटे पुण्याला जातात. मोठा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरतो. ज्यांचे गाळेवाल्यांशी जुने संबंध आहेत ते चार-सहा डाग थेट महात्मा फुले मंडईत पोहोचवतात. भाजीच्या भावाबद्दल या पानांतून वेळोवेळी लिहिले जाते. आज आम्ही लिहिणार आहोत ते भाजी वाहणाऱ्या डिझेल पिकअपच्या एका मुठीएवढ्या भागाबद्दल. पुस्तकात त्याला लिफ्ट पंप म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री फीड पंप म्हणतात. आम्हीही फीड पंपच म्हणू. ज्यांच्याकडे पिकअप नाही त्यांनीही हे वाचावे, कारण ऊस ओढणाऱ्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरवर याच जातीचा पंप बसवलेला असतो.

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. "कात्रजला चढताना गाडीनं जरा दम तोडला, पण आली. मंडईत माल उतरवला, हिशेब केला, चहा घेतला, आणि सेल्फ मारला तर सुरूच होईना." मग कोणी बॅटरीला दोष देतो, कोणी शहरातल्या डिझेलला. मंडईची इमारत १८८६ सालची. तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते, आणि भोवतालच्या पेठांचे रस्ते बैलगाडीच्या मापाचे. अशा जागी मालाची गाडी बंद पडली म्हणजे मागे रांग लागते, हॉर्न सुरू होतात, पोलीस येतो, आणि घाईघाईत जो मिस्त्री सापडेल तो सांगतो, "पंप गेलाय, नवीन टाका." पंप पडतो, पैसे जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच उभी राहते.

आमचे म्हणणे एवढेच की फीड पंप खराब होतो हे खरे, पण त्याच्या नावावर खपणारे निम्मे-अधिक दोष दुसरीकडचे असतात. ते ओळखायला फार विद्या लागत नाही. विहिरीवरचा पंप ज्याने चालवला आहे त्याला हे शास्त्र अर्धे येतेच.

विहिरीवर आपण काय पाहतो? सक्शन पाईपला बारीक चीर असली तर तिथून पाणी गळत नाही, उलट पंप तिथून हवा ओढतो आणि पाणी सोडतो. डिलिव्हरी पाईपला चीर असली तर मात्र पाणी बाहेर उडते. आणि फूटव्हॉल्व्ह गळका असला की रात्रीतून पाईप रिकामा होतो, सकाळी पुन्हा पाणी भरावे लागते. पिकअपमध्ये टाकी खाली आणि फीड पंप वर इंजिनाजवळ. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी म्हणजे सक्शन, फीड पंपापासून फिल्टर आणि पुढे मोठ्या इंजेक्शन पंपापर्यंतची नळी म्हणजे डिलिव्हरी. म्हणून सक्शनच्या बाजूचा दोष डिझेलचा थेंबही सांडू न देता राहतो. "कुठं गळत नाय, मग नळी चांगलीच आहे," असे म्हणणारा इथेच फसतो.

मंडईतला चमत्कारही यातच आहे. गाडी चालू असताना थोडी हवा आत आली तरी पंप कसेबसे निभावून नेतो. गाडी बंद करून तास-दोन तास उभी केली की त्याच बारीक वाटेने हवा शिरते आणि नळीतले डिझेल उतरून टाकीत परत जाते. सेल्फ मारला तर पंपाला ओढायला हवाच. मंडईचा त्यात दोष एवढाच की प्रवासात गाडी पहिल्यांदा जास्त वेळ उभी राहते ती तिथे.

आता पंपाच्या पोटात काय आहे ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे मायको या नावाने ओळखले जाणारे पंप (या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले) इंजेक्शन पंपाच्या अंगालाच चिकटवलेले असतात. इंजेक्शन पंपातील कॅमचा उंचवटा रोलरला ढकलतो, रोलर दांडीला आणि दांडी पिस्टनला. इथे एक गंमत आहे. डिझेल पुढे फिल्टरकडे लोटण्याचे काम कॅम करीत नाही, ते काम स्प्रिंग करते. कॅम फक्त स्प्रिंग दाबून देतो. ती सुटताना एका बाजूने डिझेल पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूने टाकीतले डिझेल ओढले जाते. पुढची वाट भरलेली असली तर स्प्रिंग तिथल्या तिथे थांबते, त्यामुळे काही फुटत नाही. दाब एक-दोन किलोच्या आसपास, म्हणजे पिकअपच्या मागच्या टायरमधल्या हवेपेक्षाही कमी. दोन लहान व्हॉल्व्ह असतात. त्यांत कचऱ्याचा कण अडकला तरी पंप ओढत नाही, आणि तेवढ्यासाठी नवा पंप घेण्याचे कारण नाही. काही जुन्या इंजिनांवर पिस्टनऐवजी रबरी पडद्याचा पंप असतो. तो इंजिनाच्या ब्लॉकवर बसतो आणि त्याचा हात आतल्या कॅमवर टेकतो.

तपासणी अशी करावी. प्रथम टाकीचे झाकण उघडा. सूऽ असा आवाज करीत हवा आत गेली तर झाकणाचे बारीक छिद्र बुजले आहे. पंप बिचारा बंद बाटलीतून ओढतो आहे. मग फिल्टर. त्याच्या तळचे पाणी शेवटचे कधी काढले ते आठवा. आठवत नसेल तर उत्तर मिळाले. फिल्टर कोंदला की मोकळ्या रस्त्यावर गाडी ठीक चालते आणि चढावर, भरल्या ओझ्यावर झटके खाते, कारण तेव्हाच डिझेल जास्त लागते. अशक्त पंपाचेही लक्षण नेमके हेच असल्याने फिल्टर आधी बदलून पाहणे शहाणपणाचे. तो पंपाहून स्वस्तही आहे.

यानंतर प्रायमर. त्याची मूठ उलटी फिरवून सोडवा आणि हाताने मारा. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा ढिला ठेवा. आधी बुडबुडे येतील, मग स्वच्छ डिझेल येईल. स्क्रू आवळला की मूठ हाताला जड लागली पाहिजे. बुडबुडे संपतच नसतील तर सक्शनला हवा लागते आहे. मूठ शेवटपर्यंत पोकळ लागली तर एकतर हवा, नाहीतर व्हॉल्व्ह. स्क्रू उघडा असूनही मूठ जड आणि डिझेल मात्र येत नाही, तर पुढे कोंडले आहे. काम झाल्यावर मूठ परत घट्ट फिरवून बसवा. ती ढिली राहिली तर तिच्यातूनही हवा जाते, आणि हे फार वेळा घडते.

शेवटची आणि सर्वांत खात्रीची परीक्षा डब्याची. स्वच्छ डिझेलचा डबा जमिनीवर, म्हणजे पंपाच्या खाली ठेवा. टाकीकडची नळी सोडवून त्या जागी पारदर्शक नळी लावा, तिचे टोक डब्यात बुडवा, एअर काढा आणि इंजिन चालवा. नळीत बुडबुडे नाहीत आणि इंजिन नीट चालते, रेसही घेते, तर पंप चांगला आहे, दोष टाकीकडच्या नळीत. नळी भरलेली, बुडबुडा नाही, फिल्टर नवा, तरी इंजिन बसते, तर पंप गेला म्हणा. ही परीक्षा मंडईच्या बोळात करू नये. गाडी ढकलून मोकळ्या जागी न्या. सांडलेले डिझेल, गरम सायलेन्सर आणि शेजारी बिडी ओढणारा बघ्या, हे तिन्ही एकत्र नकोत.

आमच्या पाहण्यातल्या एका पिकअपला वर्षभरात दोन पंप टाकून झाले होते. दोष निघाला तांब्याच्या वायसरात. नळीच्या बोल्टाला दोन्ही अंगांनी तांब्याचे वायसर असते. एकदा आवळलेले वायसर दबून कडक होते, तेच परत घातले की पक्के बसत नाही. प्रत्येक मिस्त्रीने पंप नवा घातला आणि वायसर जुनेच वापरले. काही रुपयांच्या वस्तूपायी कोथिंबिरीच्या दोन खेपा रस्त्यात पिवळ्या पडल्या.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. गाडी सुरळीत चालत असली तरी दर आठवड्याला इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. "आमची गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतंय!" असे कौतुकाने सांगणारे सभासद आम्हाला भेटले आहेत. ऑइल आपोआप वाढत नसते. पंपाचा रबरी पडदा फाटला, किंवा पिस्टनच्या पंपात दांडी झिजली, तर डिझेल आतल्या आत झिरपते. पडद्याच्या पंपातून ते सरळ चेंबरमध्ये उतरते. पिस्टनच्या पंपातून ते इंजेक्शन पंपात आणि तिथून, जिथे दोहोंचे ऑइल एकच आहे अशा गाडीत, इंजिनात जाते. पट्टीवरची पातळी चढते, ऑइल पातळ होते, त्याला डिझेलचा वास येतो. असे पातळ ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही. फार वाढले तर इंजिन तेच ऑइल जाळून आपोआप पळत सुटते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. पातळी चढलेली दिसली तर गाडी जिथे आहे तिथेच उभी करा. पंप बदला, आणि ऑइल व ऑइल फिल्टरही त्याच वेळी बदला. जुने ऑइल थोडे काढून पातळी जुळवणे हा इलाज नव्हे.

बदलण्याचे काम तासाभराचे आहे. आधी पंपाभोवतीची माती-चिखल डिझेलने धुऊन पुसून घ्या, नाहीतर ती आत जाईल. नळ्या सोडवल्यावर त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने किंवा बुचाने बंद करा. फ्लँजचे नट सोडून पंप सरळ बाहेर ओढा. जुने पॅकिंग खरवडून काढा, पण त्याचे तुकडे आत पडू देऊ नका. नव्या पंपावर बाण असतो तो डिझेल जाण्याची दिशा दाखवतो. तो नसेल तर जुना पंप शेजारी ठेवून जुळवा. नवा पंप बसवताना तो अडला, फ्लँजला टेकेना, तर आतला कॅम वर आला आहे असे समजा. नट आवळून त्याला जबरदस्तीने बसवू नका. इंजिन हाताने थोडे फिरवा, मग पंप आपसूक बसेल. पडद्याच्या पंपाचा हात कॅमच्या योग्य बाजूला टेकला आहे ना, हे बोटाने चाचपून पाहा. चुकीच्या बाजूला गेला तर पहिल्याच फेऱ्यात मोडतो. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. वायसर सगळे नवे. मग प्रायमर मारून एअर काढा, प्रथम फिल्टरची, नंतर इंजेक्शन पंपाची. तरीही सुरू झाली नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल दिसले की आवळा. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये.

नट ढिले करण्याची ही शेवटची युक्ती नव्या गाड्यांना मुळीच लावू नका. कॉमन रेल इंजिनात नळीतला दाब हजार किलोच्या वर जातो. तिथून सुटलेली धार कातडीतून आत शिरते, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी बोट गमावण्याची वेळ येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासून विकलेल्या डिझेल पिकअप याच जातीच्या. त्यांतल्या काहींना टाकीतच विजेचा पंप असतो. चावी फिरवल्यावर त्याची गुणगुण ऐकू आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहा. या इंजिनांचा मोठा पंप डिझेलनेच वंगण घेतो. कोरडा फिरला तर झिजून धातूचा चुरा नोझलपर्यंत नेतो. म्हणून डिझेल येत नसताना सेल्फ मारत बसू नये.

सामानाबद्दल थोडे. मंडईपासून नाना पेठ जवळ आहे आणि गाड्यांचे सुटे भाग तिथे मिळतात, पण पहाटे सहाला तिथली शटर खाली असतात. गाडीच्या पेटीत तांब्याचे वायसर, हातभर डिझेलची नळी, दोन क्लिपा, एक फिल्टर आणि बारा ते एकोणीसचे पाने ठेवले तर बहुतेक वेळा निभावते. पंप घेताना जुना पंप बरोबर न्या आणि बिल मागून घ्या.

पंप बदलला त्या दिवशी गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी प्रायमरला हात न लावता पहिल्या सेल्फला सुरू झाली तर वायसर आणि पॅकिंग बसले. नाही झाली तर पुण्याची खेप त्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवा आणि पुन्हा सक्शनच्या बाजूने सुरुवात करा.