संकेतस्थळ शोधयादीत एकाएकी मागे पडल्यास निदान कसे करावे?

आंबा, बेदाणा, हळद, गूळ यांची थेट विक्री करणारे अनेक बागायतदार व शेतकरी उत्पादक कंपन्या आता स्वतःचे संकेतस्थळ चालवितात. ग्राहक गूगलवर 'देवगड हापूस घरपोच' असे शब्द टाकतो आणि वर दिसणाऱ्या चार-पाच नावांतूनच बहुधा निवड करतो. ऐन हंगामात आपले नाव चौथ्या क्रमांकावरून तिसाव्यावर गेले, तर मागणी थांबते व माल पुन्हा अडत्याकडे न्यावा लागतो. अशा वेळी घाईने संकेतस्थळ नव्याने बांधू नये, तसेच 'आठ दिवसांत पहिला क्रमांक' असे सांगणाऱ्यास पैसे देऊ नयेत. झाड कोमेजले म्हणजे मर रोगच असे नसते, पाण्याचा ताणही असू शकतो. आधी निदान करावे, मग उपाय.

१) घट खरी आहे का?
गूगलची 'सर्च कन्सोल' ही सेवा मोफत असून तिच्यात जास्तीत जास्त १६ महिन्यांची नोंद पाहता येते. हंगामी मालाची तुलना मागील महिन्याशी न करता मागील वर्षाच्या त्याच आठवड्यांशी करावी.

अ) यादीत दिसण्याची संख्या घटली, पण सरासरी क्रमांक तोच : ग्राहकांची मागणीच ओसरली आहे. जूननंतर हापूसचे असेच होते. संकेतस्थळात दोष नाही.
ब) संख्या व क्रमांक तोच, पण क्लिक घटले : वर जाहिराती किंवा गूगलचे स्वतःचे उत्तर दिसू लागले असावे. तोच शब्द स्वतः शोधून पाहावा.
क) क्रमांकच घसरला : पुढील तपासणी करावी.

२) घट केव्हा व कोठे झाली?
आलेखावरून घटीची तारीख काढावी. सर्व पाने पडली की एखादेच, मोबाईलवर की संगणकावरही, हे पाहावे. दोन-तीन क्रमांकांच्या चढउताराने घाबरून जाऊ नये.

३) लक्षणांवरून कारण
• काही दिवसांतच बहुतेक पाने नाहीशी होणे : नावाच्या नोंदणीची मुदत संपली आहे का, सर्व्हर बंद आहे का, हे प्रथम पाहावे. दुरुस्ती करताना 'नोइंडेक्स' ही सूचना चुकून राहिल्यासही पाने यादीतून जातात. ती काढून पुन्हा तपासणीची विनंती करावी.
• पत्ते बदलल्यानंतर घट : जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमची वाट करून द्यावी.
• अनोळखी भाषेतील पाने दिसणे : संकेतस्थळात घुसखोरी झाली आहे. सुरक्षाविषयक सूचना वाचून जाणकाराकडून सफाई करावी व सर्व पासवर्ड बदलावेत.
• 'मॅन्युअल ॲक्शन' अशी नोंद : नियमभंगाबद्दल गूगलने कारवाई केली आहे. विकत घेतलेले दुवे हे त्याचे एक कारण असते. दोष दूर करून फेरविचाराचा अर्ज करावा.
• यांपैकी काहीच नसणे : गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत मोठा बदल केला असावा. अशा बदलांच्या तारखा गूगल जाहीर करते. २०२४ मधील असा एक बदल ५ मार्च ते १९ एप्रिल, म्हणजे ४५ दिवस, ऐन आंब्याच्या हंगामात चालला. बदल पूर्ण झाल्यावर एक आठवडा थांबून मगच तुलना करावी. इतरांची नक्कल केलेला मजकूर काढून आपली बाग, तोडणी, पिकविण्याची पद्धत व दर यांची खरी माहिती द्यावी. सुधारणा दिसण्यास काही महिने लागू शकतात.

४) घ्यावयाची काळजी
फवारणीची जशी नोंद ठेवतो, तशी संकेतस्थळातील प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवावी. एका वेळी एकच मोठा बदल करावा व तोही हंगामापूर्वी. सर्च कन्सोलची नोंदणी आजच करावी, कारण जुनी नोंद हाताशी नसेल तर निदान अंदाजानेच करावे लागते. नेहमीच्या ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक मात्र स्वतःच्या वहीत जपावेत. यादीतील क्रमांक घसरला तरी ते ग्राहक आपलेच राहतात.